भरती कुणाच्या तासाला येते?

आदरणीय बाई,

मी देवगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवते. मूळची सांगलीकडची, इथे येऊन दोन वर्षं झाली. जूनमध्ये एका प्रशिक्षणाला गेले होते. शिक्षकांनी मिळून नियोजन कसं करावं, मुलांनी गटात कसं शिकावं हे ऐकून भारावून परत आले. मासिक सभेत सगळ्यांना पीपीटी दाखवली. भूगोलाचे सर, ज्यांच्या निवृत्तीला चार वर्षं उरलीत, म्हणाले, "हे सगळं आम्ही करून सोडलंय." बाकीचे हसले. तेव्हापासून स्टाफरूममध्ये माझ्याशी सगळे कामापुरतंच बोलतात.

वर्गात आणखी वेगळी तऱ्हा. सातवीचा पट २४. सहा-सहाचे चार गट केले आणि जलप्रदूषणावर प्रकल्प दिला. एका मुलीने रात्री जागून मॉडेल केलं, बाकी पाच जणांनी त्यावर नावं लिहिली. तिची आई शाळेत आली. "कष्ट माझ्या मुलीचे आणि मार्क सगळ्यांना? पुढच्या वेळी तिला एकटीला द्या." मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या एका गटात मासेमारी करणाऱ्या घरातला मुलगा आहे. तो तोंड उघडत नाही आणि गटातली मुलं त्याला धरतही नाहीत. शिक्षक एकत्र येत नाहीत, मुलंही येत नाहीत. मी एकटीने किती ओढायचं?

— एक शिक्षिका, देवगड तालुका

बाई,

आधी त्या आईबद्दल. ती बरोबर बोलली. उपाय चुकीचा सुचवला, पण तक्रार अगदी खरी आहे. तुम्हाला उत्तर सुचलं नाही हे एका परीने बरंच झालं. "गटात काम केल्याने सहकार्याची भावना वाढीस लागते" असलं काही तिला ऐकवलं असतंत, तर ती माउली पुन्हा शाळेची पायरी चढली नसती.

मीही हेच करून बसले आहे. नोकरीच्या सुरुवातीला आठ-आठ जणांचे गट करून 'आपल्या गावाचं पाणी' असा तक्ता करायला दिला होता. एका गटाचा तक्ता इतका सुरेख आला की मी तो ऑफिसच्या बाहेर लावला, खाली आठ नावं. केला होता एकटीने. बऱ्याच वर्षांनी ती मुलगी एस.टी. स्टँडवर भेटली. म्हणाली, "बाई, त्या तक्त्यापासून मी एक शिकले. दुसऱ्याची वाट बघण्यापेक्षा आपणच उरकलेलं बरं." तेवढ्यात तिची गाडी लागली म्हणून सुटले.

आता तुमचं ओढणं. माझं लहानपण मालवणच्या किनाऱ्यालगत गेलं, त्यामुळे ओढणं म्हटलं की मला रापण दिसते. घाटावर रापण नसते म्हणून सांगते. होडीतून जाळं अर्धगोल सोडत नेतात, दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर असतात आणि दोन्हीकडे माणसं उभी राहून ते जाळं वाळूवर ओढून घेतात. बघायला जमलेल्या पोरांनी दोरीला हात लावला तर त्यांनाही चार मासे मिळायचे. आम्ही लावायचो हात. ओढायचो का, ते विचारू नका. पुढे बाप्ये ओढताहेत म्हटल्यावर हात दोरीवर आणि डोळे मासळीवर.

ही लबाडी कोणीतरी मोजूनही ठेवली आहे. माक्सिमिलियाँ रिंगेलमान नावाच्या एका फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोरी ओढायला लावली आणि जोर मोजला. ते आकडे १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एकट्या माणसाचा जोर १०० धरला, तर दोघं असताना प्रत्येकाचा ९३ भरतो, तिघं असताना ८५, आणि आठ जण झाले की ४९. म्हणजे माझ्या आठांच्या गटात प्रत्येक जण जेमतेम निम्माच हजर होता. सगळीच काही लबाडी नसते त्यात, ताल जुळत नाही म्हणूनही जोर वाया जातो. पण सगळे एकाच दोरीला लागले की कोण किती ओढतंय हे कुणालाच दिसत नाही, ही खरी अडचण. 'जलप्रदूषणाचं मॉडेल करा' ही अशीच एक दोरी. थर्माकोल एक, रंगाचा डबा एक, हुशार मुलगी एक. बाकीच्या पाचांनी करायचं काय? नावं लिहिली, तेवढंच उरलं होतं.

रापणीत आम्ही पोरं फुकटी होतो तरी जाळं किनाऱ्याला लागायचं, कारण बाकीची कामं वाटलेली असायची. वल्ही मारणारे वेगळे, जाळं सोडणारा वेगळा, पाण्याचा रंग बघून मासळी कुठे आहे ते सांगणारा म्हातारा वेगळा. तो म्हातारा आजारी पडला की सगळे त्याच्या खाटेपाशी. एकतीस वर्षं शिकवून मला एवढंच कळलंय: अडल्याशिवाय कोणी कोणाकडे जात नाही, मुलं जात नाहीत आणि मास्तरही जात नाहीत. तेव्हा 'सहकार्य करा' म्हणणं सोडून द्या. काम असं द्या की एक जण नसला तर ते अडलंच पाहिजे.

तुमच्या पीपीटीत 'जिगसॉ' नावाची पद्धत असणारच. ती कुठून आली हे त्यांनी सांगितलं का, माहीत नाही, म्हणून थोडं सांगते. १९७१ साल, अमेरिकेतल्या टेक्सासमधलं ऑस्टिन शहर. तोवर वेगवेगळ्या शाळांत जाणारी गोरी, काळी आणि मेक्सिकन घरांतली मुलं एका वर्गात बसवली होती आणि शाळांत हाणामाऱ्या चालल्या होत्या. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाला बोलावलं. त्यांनी मुलांना बंधुभावावर भाषण दिलं नाही, धड्याचे तुकडे केले. गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा. सगळ्या गटांतले पहिल्या तुकड्याचे मालक आधी एकत्र बसून तो पक्का करणार, मग आपापल्या गटात परत येऊन तो शिकवणार. परीक्षा मात्र ज्याची त्याची, पूर्ण धड्यावर. एक मुलगा होता, इंग्रजी अडखळत बोलणारा, म्हणून गप्प बसणारा. गटाने त्याची टिंगल सुरू केली. तिथल्या देखरेख करणाऱ्याने रागावणं वगैरे काही केलं नाही. एवढंच सांगितलं की याच्याजवळचा तुकडा परीक्षेत येणार आहे आणि तो तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही. हळूहळू मुलं टिंगल सोडून त्याला नीट प्रश्न विचारायला लागली, आणि नीट विचारल्यावर त्याला सांगताही यायला लागलं.

हे अमेरिकेचं म्हणून बाजूला ठेवू नका. आपल्याकडे बाकावर वाडी बसते. तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला ते चटकन दिसणार नाही. एक आठवडा कोण कोणाशेजारी बसतं, कोण कोणाच्या डब्यातलं खातं ते वहीत टिपा आणि घरच्या पत्त्यांशी ताडून बघा. 'गटातली मुलं त्याला धरतच नाहीत' याचं उत्तर तिथे मिळेल. सभेत बोलायचा हा विषय नव्हे, आणि मुलांना त्यावर व्याख्यान तर मुळीच नको. गट मात्र तुम्ही करा, मुलांना करू देऊ नका. चौघांचा गट, चौघंही वेगवेगळ्या वाडीतले.

आणि काम? काम तुमच्या खिडकीबाहेर आहे. तुम्ही सांगलीच्या, समुद्र तुम्हाला कळत नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांना तो तुमच्यापेक्षा जास्त कळतो. हे लपवू नका, हेच तुमचं भांडवल.

सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे. कोकणात तिथीवरून भरती काढायचा एक जुना हिशेब चालतो: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. पुढे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, जिला तुमच्या मुलांच्या घरी सुकती म्हणतात. हा हिशेब ढोबळ आहे, आणि ढोबळ आहे म्हणूनच वर्गासाठी सोन्यासारखा. तिथीमागे पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. पण पृथ्वीची एक गिरकी होईस्तोवर चंद्रही पुढे सरकलेला असतो, त्यामुळे भरती रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येते. शिवाय पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकाची पाऊणपट म्हणजे पाऊण वाजता. एका दिवसात दीड तासाची उडी! समुद्र अशी उडी मारत नाही. मग चूक कुठे साठत गेली आणि कुठे फिटली? हे गणित तुमचं. भूगोलाच्या सरांना यात हात घालायची गरज नाही.

२४ मुलांचे सहा गट. रोज एक गट पूर्ण भरतीच्या आगेमागे अर्धा तास जेटीवर. एकाने कालनिर्णयातली तिथी बघून वेळ आधी काढून ठेवायची. दुसऱ्याने जेटीच्या किती पायऱ्या कोरड्या उरल्या ते मोजायचं. तिसऱ्याने दर पाच मिनिटांनी घड्याळ बघून नोंद करायची, म्हणजे पाणी फिरलं कधी ते कळेल. चौथ्याने घरी किंवा किनाऱ्यावर जुन्या माणसांना विचारून यायचं: उधाण, म्हणजे सगळ्यांत मोठी भरती, कसं ओळखता, भांगाच्या, म्हणजे सगळ्यांत लहान भरतीच्या, दिवसांत जाळी कधी टाकता. पुस्तकातही उधाणाची भरती आणि भांगाची भरती हेच शब्द आहेत. मुलांना वाटतं पुस्तकातली भाषा पुण्याहून येते. ही तरी त्यांच्या आजोबांची निघेल. उधाण नेमकं पौर्णिमेला सगळ्यांत मोठं असतं की एक-दोन दिवस मागाहून, तेही पायऱ्या सांगतील.

आता गंमत बघा. आलेख काढायचा तर सहाही दिवसांचे आकडे लागणार, आणि प्रत्येक गटाकडे एकच दिवस आहे. तुमची ती गुणी मुलगी रात्रभर जागली तरी दुसऱ्या गटाचा मंगळवार तिला घरी बसून आणता येणार नाही. तिला तो मागावा लागेल. मधे शनिवारची सकाळची शाळा आणि रविवार येतील, ते दिवस रिकामे राहतील. त्या दिवशी भरती किती वाजता झाली असेल हे मागच्या-पुढच्या आकड्यांवरून वर्गाने काढायचं. मग त्या मासेमारीच्या घरातल्या मुलाला विचारा, बरोबर आहे का रे. पण हे नंतर. सुरुवातीलाच त्याला उभं करून "तुला तर सगळं येत असेल, सांग" असं करू नका. आधीच न बोलणाऱ्या मुलाला प्रदर्शनात मांडल्यासारखं होतं ते.

मॉडेल नको, थर्माकोल नको, घरी काहीही न्यायचं नाही. प्रकल्प हे आकारिक, म्हणजे शिकता-शिकता वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाचं एक साधन आहे आणि त्याची नोंद प्रत्येक मुलाची वेगळी करायची असते, हे आपण सोयीने विसरतो. शेवटच्या दिवशी चिठ्ठ्या टाका. ज्याला ज्या दिवसाची चिठ्ठी येईल त्याने तो दिवस समजावून सांगायचा, आणि तो त्याच्या स्वतःच्या गटाचा नसावा. प्रत्येकी दोन मिनिटं, शाळेच्या दोन तासिकांत वर्ग उरकतो. त्या आईला त्या दिवशी बोलवा, मागे खुर्ची टाकून बसवा. उत्तर तिला तिथे मिळेल. आणि एक करा, तिच्या मुलीला गटप्रमुख करू नका. केलंत की ती चौघांचं काम करणार आणि वर तिघांच्या शिव्या खाणार.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांची संमतीपत्रं, जेटीवर एक मोठं माणूस कायम, पाण्यात कोणी उतरायचं नाही, पावसाळ्यात तर हा विषयच नाही. हे तुम्हाला सांगायला नको, पण लिहून ठेवलेलं बरं.

आता भूगोलाचे सर. "हे सगळं आम्ही करून सोडलंय" हे तुम्ही टोमणा म्हणून ऐकलंत. मला त्यात माहिती दिसते. काय केलं होतं? का सोडलं? विचारलंत का? २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी वह्या भरभरून उपक्रम केले. काही वर्गात केले, काही फक्त वहीत. नवं काही आलं की आधी तक्ते, मग फोटो, मग वर पाठवायची माहिती, आणि दोन वर्षांनी दुसरंच काही. तुमची पीपीटी सुरू झाली तेव्हा त्यांना त्या वह्यांचे गठ्ठे आठवले असतील. मला आठवले असते.

तेव्हा त्यांना काही शिकवायला जाऊ नका, आणि 'आपण मिळून नियोजन करू या' असंही म्हणू नका. अडचण घेऊन जा. "सर, मला भरती कळत नाही. गणित मी करून घेते, पण उधाण-भांग मुलांपुढे सांगायला गेले तर मुलंच हसतील मला. एक दिवस जेटीवर याल का?" हे खरंच तसं आहे, म्हणून चालेल. नाटक म्हणून केलंत तर चार वाक्यांत उघडं पडेल, तीस वर्षं मुलांची नाटकं बघितलेला माणूस आहे तो.

आले, तर जपानमधल्या शिक्षकांची एक रीत उपयोगी पडेल. तिथे चार-सहा शिक्षक मिळून एकच पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून बघतात आणि मग सगळे बसून बोलतात. 'जुग्यो केंक्यू' म्हणतात त्याला. यातली मला आवडलेली गोष्ट अशी की बघणाऱ्यांची नजर मुलांवर असते. आपल्याकडे वर्गात मागे कोणी येऊन बसलं की तपासणी आली, टाचण काढा, हा आपला संस्कार. म्हणून "माझा तास कसा झाला सांगा" असं सरांना म्हणू नका. "तो मुलगा जेटीवर कोणाशी बोलतो का, एवढं बघाल?" म्हणा. संध्याकाळी ते आपणहून सांगायला येतील, आणि तुम्ही दोघं एका मुलाबद्दल बोलत बसाल. शिक्षकांचं सहकार्य म्हणून जे काही मी पाहिलंय ते असंच सुरू झालेलं, चहाच्या कपापाशी, एकाच पोराच्या काळजीतून.

आणि ते नाही म्हणाले तर? तर पुढच्या माणसाकडे जा. तो कोण, हे तुम्हाला ठरवायचंच नाही. भरती रोज पुढे सरकते, म्हणजे ती रोज दुसऱ्याच कुणाच्या तरी तासाला येणार. पाऊणपटीने चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, प्रतिपदेला पाऊण, द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार. सातवीचं वेळापत्रक काढा आणि याच्या शेजारी ठेवा. तुमचे त्यात एक-दोनच तास निघतील. बाकी दिवशी हिंदीच्या बाईंकडे, मराठीच्या सरांकडे, चित्रकलेच्या सरांकडे जाऊन चार मुलं मागावी लागतील, आणि का मागताय तेही सांगावं लागेल. चार मुलं तासाला नसली की दुसऱ्या दिवशी ते आपसूक विचारतात, काय झालं जेटीवर. कोणी नाही म्हणालंच, तर तो दिवसही रिकामा राहील आणि आलेखावर तसाच रिकामा दिसेल. द्वितीयेची भरती बहुधा मधल्या सुट्टीत येईल. त्या चौघांची खिचडी काढून ठेवायला ताईंना सांगून ठेवा.

दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेची. तिच्या आदल्या दिवसापासून सुरू करा, तोवर समुद्रही निवळलेला असतो. फक्त षष्ठीची साडेचारची भरती बघून घ्या. सातवीला तेव्हा खेळाचा तास असेल तर मुलं उठायची नाहीत आणि पी.टी.चे सर सोडायचे नाहीत. त्यांना सगळ्यांच्या आधी विचारा.